पहिल्या कॅसेटमधलं पाप

रविवारी सकाळी हेमचंद्रनं कुणी न सांगता भांडी घासली, तेव्हाच पद्मजाच्या मनात पाल चुकचुकली. घरात डिशवॉशर असताना हातानं भांडी घासणारा नवरा निष्पाप असूच शकत नाही.

"अहो, बरं नाहीये का?"

"मस्त आहे. तू बस, चहा टाकतो."

चहा! संशय पक्का झाला.

मूळ सापडलं शेजारच्या सुब्बारावांकडे. आदल्या दिवशी त्यांनी हेमचंद्रला एक जुना तेलुगू कौटुंबिक सिनेमा दाखवला होता. घरादाराला छळणारा नायक शेवटी सुधारतो, असा. हेमचंद्रला तेलुगूचं ओ की ठो कळत नाही, तरी म्हणे ढसाढसा रडला; सुब्बारावांच्या बायकोनं पेपर टॉवेलचा अख्खा रोल पुढे केला.

सुधारला म्हणजे आधी बिघडलेला असणार. पद्मजानं सिनेमा मागून आणला. दोन कॅसेट होत्या: पहिलीत पाप, दुसरीत प्रायश्चित्त. तिला पहिलीतच रस होता.

नायक दारू प्यायला. हेमचंद्रला एक बिअर संपत नाही. नायक नाचणारणीकडे गेला. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावात नाचणारीण मिळायची कुठे? मग नायकानं बायकोचं ऐकून म्हाताऱ्या बापाला ट्रंकेसकट घराबाहेर काढलं.

पद्मजानं व्हीसीआर बंद केला.

गेल्या उन्हाळ्यात तिचे सासरे, अप्पा, इथं राहायला आले होते. ती फोनवर बोलायला लागली की मध्येच खट् व्हायचं. बेसमेंटमधला दुसरा फोन उचलून अप्पा चोरून ऐकतात, असं तिनं नवऱ्याला ठणकावून सांगितलं. त्यानं उलट प्रश्न न करता अप्पांचं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. अप्पा गेले. खट् मात्र गेलं नाही. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

इतक्यात बेसमेंटमधून कुजबुज ऐकू आली. हेमचंद्र फोनवर होता. कुणाशी? तिनं किचनमधला रिसीव्हर हळूच उचलला.

"हे बघ, खट् झालं," पलीकडून अप्पांचा आवाज आला. "आता नागपुरात बसूनही मीच चोर काय रे?"

"लाईनच तशी आहे, अप्पा. तुम्ही गेल्यावरही होतंच."

म्हणजे यालाही ठाऊक होतं!

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"चुकलं. अप्पा, या ना परत."

"सूनबाई बोलवेल तर येईन. तुझ्या रडण्यावर कोण विमानात बसतो?"

पद्मजा अडकली. रिसीव्हर ठेवावा तर खट् होणार. न ठेवावा तर श्वास ऐकू जाणार.

"अप्पा," ती म्हणाली, "मी बोलावतेय. या. तो आवाज तुमचा नव्हता."

बेसमेंटमध्ये काहीतरी धाडकन पडलं.

"ते मला ठाऊकच होतं गं," अप्पा म्हणाले. "पण आत्ताचा मात्र तुझा होता."