सिस्टरांची पन्नास मतं

“तो गठ्ठा उचला. तो माझा आहे.”

सिस्टरांचा आवाज चढला तशी मतमोजणीच्या टेबलावरचे हात थांबले. जिंकणाऱ्याच्या ढिगात पन्नासाचा एक गठ्ठा होता आणि वरच्या मतपत्रिकेवरचा शिक्का सिस्टरांच्या चिन्हावर होता.

एकतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली. त्या रिटायर झाल्या आणि वर्षभरात प्रसूतीच्या वॉर्डाला कुलूप लागलं. दोन्ही मोठ्या पक्षांच्या दारात चपला झिजवून झाल्यावर, कुणी हिंग लावून विचारत नाही अशा तिसऱ्याच पक्षाकडून त्या स्वतः उभ्या राहिल्या. प्रचारात बायका दारातच सांगायच्या, “मनातून तुम्हीच हो सिस्टर. पण तुम्ही काही येत नाही. मग मत फुकट कशाला घालवू?” जिची दोन्ही मुलं सिस्टरांच्या हातावर झाली, तीही हेच म्हणाली होती.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. “बाई, पहिल्या दोघांत एकशे नव्वदचं अंतर आहे. पन्नास इकडची तिकडे केली तरी निकाल तोच. सगळ्यांना घरी जायचंय.”

“मग जा. पण आधी मोजा.”

दुसऱ्या नंबरवर हरलेल्या उमेदवाराचा एजंट म्हणून सिस्टरांचा धाकटा भाऊच बसला होता. तो तणतणत उठला. “चल ताई, तमाशा पुरे! आमची मतं खाल्लीस, आम्हाला पाडलंस, अजून काय हवंय?”

“खाल्ली? तुमच्या ताटातली होती का ती? आपलं मत फुकट गेलं तरी चालेल म्हणून लोकांनी मला दिलीत ती! वॉर्डाला कुलूप लागलं तेव्हा कुठे होता रे तुझा पक्ष?”

भाऊ निघून गेला. बाहेर गुलाल उडत होता.

अधिकाऱ्यानं गठ्ठा सोडला. पन्नासच्या पन्नास सिस्टरांची निघाली. त्यानं तीनशे बासष्टवर रेघ मारून चारशे बारा लिहिलं.

“झालं समाधान? करा सही.”

“आधी माइकवर सांगा.”

“कुणाला? हॉल रिकामा आहे.”

सिस्टर नुसत्या बघत राहिल्या. शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता, तोही थांबला. अधिकाऱ्यानं माइक ओढला, घसा साफ केला आणि सिस्टरांचं पूर्ण नाव घेऊन आकडा वाचला.

सिस्टरांनी पदर सारखा केला आणि त्याच्यापुढे हात केला.

“द्या पेन.”