मालाच्या लिफ्टखाली

टिटवीला लोखंडाचं बोलणं ऐकू यायचं. खिळा वाकायच्या आधी कण्हतो, जुनी बिजागरी कुरकुरते ती कशासाठी, हे तिला पाचव्या वर्षापासून कळत होतं. तिच्याच घरी वाढणाऱ्या मावसभावाची, ठोकळ्याची, तऱ्हाच वेगळी. पडणाऱ्या वस्तूकडे तो टक लावून बघायचा आणि ती हवेतच थांबायची, पण त्याची पापणी लवेपर्यंतच. आजवर त्यानं अडवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे दुधाचं पातेलं.

आईनं दोघांना बजावून ठेवलं होतं की हे गुण उंबऱ्याच्या आत. अशा मुलांची नोंद करणारं एक सरकारी खातं होतं. नोंद झालेली मुलं दूरच्या वसतिशाळेत जात आणि वर्षातून एकदाच घरी येत. ठोकळ्याचा थोरला भाऊ तसाच गेला होता. तेव्हापासून आई ताकही फुंकून प्यायची. टिटवी म्हणाली की नळ रडतोय, तर आई म्हणायची की रडू दे, तू अभ्यास कर.

आई लिफ्ट दुरुस्त करायची. त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर दोघं घराची किल्ली घ्यायला ती जिथे कामाला गेली होती त्या शिवणकारखान्यात गेली. तळमजल्यावर मालाच्या लिफ्टचं जाळीचं दार उघडं होतं. आई खालच्या खड्ड्यात, बॅटरी दातांत धरून, स्प्रिंग बदलत होती. लिफ्ट वर दुसऱ्या मजल्याजवळ अडकलेली, कापडाच्या ताग्यांनी गच्च भरलेली. आधी माल उतरवा, असं आईनं तीनदा सांगितलं होतं. दहा मिनिटांच्या कामासाठी शिलाईवरच्या बायका उठवणार नाही, असं मुकादमानं तीनदा ऐकवलं होतं.

टिटवीनं लिफ्टच्या रुळाला सहज हात लावला आणि तिला ऐकू आलं. पार वर, मोटरच्या खोलीत, ब्रेकचा बोल्ट शेवटचे आटे सोडत होता.

"आई, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

आईनं तोंडातली बॅटरी काढली आणि काहीतरी बोलायला मान वर केली. तेवढ्यात वर ठाणकन आवाज झाला आणि लिफ्ट सुटली.

ठोकळा दारात होता. त्यानं डोळे विस्फारले आणि लिफ्ट त्याच्या नजरेसमोर थांबली, पण तोवर तळमजल्याच्याही खाली गेली होती. रुळाच्या कडेची फट सोडली तर खड्ड्याचं तोंड बंद झालं होतं. आई आत उकिडवी बसली होती, तिच्या डोक्यावर हातभर जागा.

"ताई," ठोकळा ओठ न हलवता म्हणाला, "फार जड आहे गं."

लिफ्टच्या पोटाखाली दोन पकडी असतात. लिफ्ट सुटली की त्यांनी रूळ चावून धरायचा. त्या बसल्याच नव्हत्या. टिटवी जमिनीवर पालथी पडली आणि तिनं रुळाला कान लावला. उजवी पकड मोकळी होती. डावी कण्हत होती.

"आई, डावीची पिन गंजानं धरलीय," ती फटीत तोंड घालून म्हणाली. "ती सुटली की दोन्ही बसतील."

"बॅटरी पडली माझी. मला काही दिसत नाहीये."

"मला ऐकू येतंय ना."

 खाली हातोडी चाचपल्याचा आवाज आला.

"सांग, कुठे मारू?"

टिटवीनं सांगितलं की डावीकडे, आणखी वर, आता भिंतीच्या अंगानं. पहिला घाव वाया गेला. दुसऱ्यानं पिन केसभर सरकली. ठोकळ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याची पापणी अर्धी लवली आणि लिफ्ट चार बोटं खाली घसरली. आईचा श्वास अडकलेला टिटवीला रुळातूनही ऐकू आला.

"त्याच जागी, आई. जोरात."

तिसऱ्या घावाला खट्‌ झालं.

"मिट डोळे," टिटवी म्हणाली. ठोकळ्यानं मिटले. लिफ्ट जागची हलली नाही.

मग शिलाईवरच्या बायका न सांगता उठल्या. त्यांनी तागे उतरवले, साखळी लावून लिफ्ट वर ओढली आणि आईला हात देऊन बाहेर काढलं.  तिनं आधी ठोकळ्याला पोटाशी धरलं.

मुकादमानं सगळं पाहिलं होतं; तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की लिफ्ट भरलेली होती हे तुम्ही अहवालात लिहू नका, मी मुलांचं कुठे बोलणार नाही.  आईनं मुलांकडे पाहिलं, मग लिफ्टच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं.

"उद्या याच लिफ्टखाली दुसरं कुणी उतरेल," ती म्हणाली आणि तिनं मालाचं सगळं लिहिलं, तारखेसकट.

मुकादमाची नोकरी गेली आणि त्यानं मुलांचं खात्याला कळवलं. आठ दिवसांनी खात्याच्या बाई दाराशी आल्या. आईनं त्यांना चार तास बसवून ठेवलं. ती भांडली, रडली, पुन्हा भांडली. ज्या मुलांनी आईला वाचवलं त्यांनाच आईपासून तोडायचं हा कुठला कायदा, असा तिचा एकच धोशा. शेवटी बाई टेकीला आल्या. मुलं जाणार हे टळलं नाही, पण दर शनिवारी घरी येतील असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

भाऊ भेटणार म्हणून ठोकळ्यानं त्याच संध्याकाळी पेटी भरून टाकली. टिटवी मात्र आईच्या कुशीत शिरून, लोखंडाचं काही न ऐकता, नुसती पडून राहिली.