माळ्यावरचा फोन

तुळशीच्या घरात जपायची ती प्रत्येक वस्तू चुलीवरच्या माळ्यावर जायची. भाताचं बियाणं तिथं, नागलीची कणसं तिथं, सुकटीची टोपली तिथं. धुराने कीड लागत नाही, उबेने ओल धरत नाही, आणि कोंबड्यांची चोचही तिथवर पोचत नाही. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर तिचा नवरा सुदाम गुजरातेतल्या वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून निघाला, तेव्हा त्याने तिला नवा मोबाइल घेऊन दिला. तो कुठे ठेवायचा हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. सुदामने स्वतः वायर ओढून माळ्याच्या दांडीला बोर्ड ठोकला आणि वर बजावलं, "पुरता खाली झाल्याबिगर लावायचा नाय. लावला का रातभर लावायचा. शंभर झाला पायजे."

हे ज्ञान त्याला कुणी दिलं ते देव जाणे. पण तुळशीला ती काळ्या दगडावरची रेघ. तिने फोनला जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलं, बियाण्याच्या कणगीशेजारी जागा करून दिली आणि तान्ह्या पोराला जपावं तसं जपलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. यंदा मात्र सकाळी शंभर असलेला फोन दुपारी मान टाकू लागला. एरवी तिचं फारसं अडलं नसतं, पण सुदामची बोट बर्फ-डिझेल भरायला काठाशी यायची तेव्हाच त्याला रेंज मिळायची, आणि ती वेळ बहुतेक दुपारचीच. दोनदा त्याने फोन केला, दोनदा बंद. शेवटी दुसऱ्या बोटीवरून घरी आलेल्या बारक्याने निरोप आणला, "बोटीचा तांडेल सुदामला विचारतो, होळीला उतरतोस का पावसापर्यंत राहतोस. सुदाम म्हणतो, पुढच्या खेपेला परत फोन करीन. तवाही बंद लागला तर मी यावं असं तुझ्या मनात नाय, असं समजून पावसापर्यंत इथंच राहीन."

तुळशीच्या मनात नाही? गेल्या होळीला सगळा पाडा नाचत होता आणि ती एकटी दारात बसली होती, ते त्याला कुणी सांगायचं? तिला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. राग आला की तुळशीचं डोकं चालायला लागायचं. एखादी गोष्ट अशी का होते ते कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

शेजारच्या रूपीचा फोन तिच्याबरोबरच घेतलेला, एकाच दुकानातला, एकाच रंगाचा. तो संध्याकाळपर्यंत मजेत गाणी म्हणायचा. आणि रूपीचं जपणं काय वर्णावं! फोन पाण्याच्या माठांजवळ जमिनीवर पडलेला. घरात एकच सॉकेट. टीव्ही लावायचा झाला की फोन काढ, टीव्ही बंद झाला की फोन लाव. तो कधी शंभर झालेला रूपीने पाहिलाच नव्हता.

"तू याला काय घालतेस गं?" तुळशीने विचारलं.

"शिव्या," रूपी म्हणाली.

आपण इतकं जपूनही आपला फोन मरतुकडा आणि हिचा उकिरड्यावरच्या कोंबड्यासारखा ठणठणीत, हे तुळशीला काही केल्या पटेना.

त्याच आठवड्यात नरपडहून रखमी मावशी आली. ती तिकडे चिकूच्या वाडीत कामाला होती. येताना कच्च्या चिकूंची पिशवी घेऊन आली. तुळशीने अर्धे चिकू पेंढ्यात घालून माळ्यावर ठेवले. वर जागा पुरेना म्हणून उरलेले टोपलीत, माठांशेजारी खालीच राहिले. दोन-तीन दिवसांनी ती वर चढली तर पेंढ्यातले चिकू नुसते पिकले नव्हते, आंबून गेले होते. खालचे अजून घट्ट. एका हातात लिबलिबीत चिकू धरून तिने दुसऱ्या हाताने फोन उचलला, तर तो तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा गरम. खाली चूल पेटलेली, वर चार्जिंग चालू, भोवती फडकं. ती शिडीवर तशीच उभी राहिली. एकदा चिकूकडे पाही, एकदा फोनकडे.

दुसऱ्या दिवशी तिने तलासरी गाठली. बस स्टँडजवळ हर्षदाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हर्षदाने फोन उघडला, पाहिला आणि विचारलं, "ताई, हा कुठे ठेवता?"

"चुलीवरच्या माळ्यावर. फोन चिकूसारखा पिकतो का?"

हर्षदा हसली, पण मग विचारात पडली. "पिकतोच म्हणा की. गरमीने बॅटरी लवकर म्हातारी होते. रात्रभर शंभरावर ठेवली तर आणखी लवकर. तुमची अजून फुगली नाही हे नशीब."

"मग आता खाली ठेवला तर परत कच्चा होईल?"

"पिकलेला चिकू होतो का? जे गेलं ते गेलं. राहिलंय ते सांभाळा. नवी बॅटरी मागवते, पण ती होळीच्या आत यायची नाही."

"नवरा सांगून गेलाय, पुरता खाली झाल्याबिगर लावू नको."

"ते फार जुन्या फोनांचं होतं. हा उलटा आहे. वीसच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या आसपास आला की काढा. दिवसातून दोनदा थोडा थोडा लावला तरी चालेल. आणि फडकं काढा, त्याला थंडी वाजत नाही."

म्हणजे रूपी शिव्या घालून जे करत होती तेच बरोबर होतं. परतीच्या वाटेवर तुळशीला हसू आवरेना आणि वाईटही वाटत राहिलं. मायेनेच घात केला होता, आणि त्या मायेत सुदामचाही अर्धा वाटा होता.

त्या दिवसापासून फोन माठांजवळ पाटावर आला, तिथल्या भिंतीच्या सॉकेटला लागू लागला. सकाळी थोडा, मोहाची फुलं वेचून आल्यावर थोडा, असं त्याचं खाणं चालू झालं. जंगलात जाताना ती त्याला बरोबर न्यायची आणि सावलीत पानांखाली ठेवायची. बॅटरी म्हातारी ती म्हातारीच, पण आता ती फोनला उपाशी पडू देत नव्हती.

आणि एका दुपारी ती मोहाखाली फुलं वेचत असताना, एरवी फोन मेलेला असायचा त्या वेळेला, तो वाजला.

"लागला बाय एकदाचा," सुदाम म्हणाला. मागे इंजिनाची धडधड ऐकू येत होती.

तुळशीने होळीचं वाक्य केव्हापासून घोकून ठेवलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "तुझा फोन कुठं ठेवतोस?"

"इंजिनाजवळ. तिथं सुकं असतं ना."

"काढ तिथनं आधी! आणि पुरता खाली करतोस? शंभर करतोस? अरे, चिकू पिकतो तसा पिकतो तो…" ती चिकूपासून रूपीच्या टीव्हीपर्यंत सगळं सांगत सुटली. तो "हां, हां" करत राहिला, आणि मध्येच आवाज तुटला. रेंज गेली होती.

मग तिच्या ध्यानात आलं. होळीचं राहिलंच. तिने परत लावून पाहिला, लागेना. अख्खा फोन तिने बॅटरीच्या बडबडीत घालवला होता. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं तिला वाटलं. फोन मात्र हातात जिवंत होता. निम्म्याहून जास्त चार्जिंग बाकी होतं. ती तिथेच मोहाखाली बसून राहिली, रेंज जाईल म्हणून उठायची हिंमत होईना.

ऊन कलल्यावर तो पुन्हा वाजला.

"इंजिनाजवळनं काढला फोन," सुदाम म्हणाला. "तांडेल इथंच उभा हाय. काय सांगू त्याला? होळीला येऊ?"

"ये," तुळशी म्हणाली. "माळ्यावरचा बोर्ड तू ठोकलास, मी त्याला हात लावलेला नाय. तूच येऊन काढ."