कंपासबाईचा हात

मी अंड्याचा साचा बोलतोय. साचा म्हणजे फार मोठं काही समजू नका. दोन बोटं रुंदीची पोलादी पट्टी, वाकवून गोल केलेली, सांध्यावर डाग दिलेला, आणि एका बाजूला चिमट्यात धरायला छोटासा कान. ना बूड, ना झाकण. मला तापलेल्या तव्यावर ठेवायचं, पोटात अंडं फोडायचं किंवा पॅनकेकचं पीठ ओतायचं, म्हणजे ते सैरावैरा न पळता गोलच्या गोल शिजतं. मी स्वतः काही शिजवत नाही. फक्त अडवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्म कसला, कापाकापीच ती. एका लांब पट्टीचे तुकडे पडले आणि आम्ही बारा भाऊ एका दमात वाकवले गेलो. तपासणारा माणूस आम्हाला एका लाकडी ठोकळ्यावर घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. मी बरोब्बर बसलो. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

आम्हाला विकत घेतलं ते एका न्याहारीच्या दुकानाच्या मालकिणीने. दुकान बस डेपोच्या फाटकासमोर होतं. आठ टेबलं, भिंतीला लागून लांबलचक तवा, मागे भांडी घासायची मोरी, आणि वर दोन खोल्या. तिथे दोन बहिणी राहायच्या. थोरली गल्ल्यावर बसायची, माल आणायची, भांडायची, हसायची. धाकटी तव्याशी उभी राहायची. आई गेल्यापासून दुकान असंच चाललं होतं. एकीचं डोकं आणि दुसरीचा हात.

आणि तो हात काय वर्णावा! धाकटी पळीने पीठ ओतायची, मनगट एकदा फिरवायची, आणि तव्यावर पूर्णचंद्र उमटायचा. एकासारखा दुसरा. डेपोतला एक बसचालक रोज पहिल्या टेबलावर बसून ते बघत राहायचा. त्यानेच तिचं नाव ठेवलं होतं, कंपासबाई. मग सगळेच तिला तसं म्हणू लागले. धाकटी फारशी बोलायची नाही. शाळेत तिचं कधी डोकं चाललं नव्हतं, लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. पण ते नाव कानावर पडलं की तिच्या मानेपर्यंत लाली चढायची.

आम्ही त्या दुकानात का आलो, हे मला नंतर गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून आणि भिंतीआडच्या कुजबुजीतून कळलं. एके दिवशी धाकटीला ताप होता. थोरली स्वतः तव्याशी उभी राहिली. तिचे पॅनकेक काय झाले म्हणता? एक नकाशासारखा, एक बुटासारखा. बसचालक म्हणाला, "ताई, तुम्ही आपला गल्लाच सांभाळा. कंपासबाई नसल्या तर आम्ही आपले उपाशी बरे." सगळे हसले. थोरलीही हसली. आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन आम्हा बाराजणांना घेऊन आली.

"बघ, तुझ्यासाठी काय आणलंय," तिने पिशवी ओट्यावर पालथी केली.

धाकटीने मला उचललं, डोळ्यासमोर धरलं आणि माझ्यातून बहिणीकडे बघितलं. "माझ्यासाठी?"

"मग काय! किती दिवस मनगट झिजवशील? तुझ्या हाताला आराम."

धाकटीला गहिवरून आलं. मी खोटं सांगत नाही. तिने आम्हा बाराजणांना कोमट पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं आणि एका ओळीत मांडून ठेवलं, जशी पोरगी बाहुल्या मांडते तशी.

मग ती आमच्याशी खेळत खेळत शिकली. तवा जरा वाकडा असला की अंड्याचा पांढरा भाग माझ्याखालून निसटतो, म्हणून पहिल्या क्षणी मला वरून दाबून धरायचं. आतून लोणी नीट फिरवायचं. आच मंद ठेवायची, नाहीतर पॅनकेक बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. अंड्यावर दोन थेंब पाणी टाकून झाकण ठेवायचं. आणि साचा जरा लवकर उचलला तर पिठाची कड हलकेच खाली बसते, हाताने ओतल्यासारखा उतार येतो. ही शेवटची युक्ती तिची स्वतःची. कुठल्या पुस्तकात नव्हती.

"ताई, बघ ना," ती प्रत्येक वेळी हाक मारायची. आणि ताई बघायची. अगदी निरखून बघायची. काही दिवसांनी थोरलीने कामाला एक नवी बाई ठेवली आणि धाकटीला म्हणाली, "हिलाही शिकव गं सगळं." धाकटीने शिकवलं. हातचं काही राखून ठेवावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी दुकान गच्च भरलं होतं. थोरली दोन बश्या घेऊन बसचालकासमोर उभी राहिली.

"सांगा बघू, यातला कुठला हाताचा आणि कुठला साच्याचा?"

एक पॅनकेक धाकटीने नेहमीसारखा ओतला होता. दुसरा माझ्या पोटातून नव्या बाईने काढला होता, लवकर उचलून, कडेला उतार आणून. बसचालकाने मान तिरकी केली, बोटाने हनुवटी खाजवली आणि माझ्या पॅनकेकवर बोट ठेवलं. "हा! हा आमच्या कंपासबाईंचा. डोळे बांधून ओळखेन."

दुकान खदखदून हसलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माणसं चुकणाऱ्याला हसतात, तशी ती बसचालकाला हसत होती. तोही टाळी देऊन हसला. "अहो, मग आता कंपासबाईंची गरजच काय?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि आणखी एकदा हशा पिकला.

धाकटीही हसली. पळी हातात तशीच होती. पीठ टपटप तिच्या चपलेवर गळत होतं आणि तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी बाई तव्याशी आणि धाकटी मोरीपाशी. थोरलीने कारणही दिलं नाही. "तिकडे भांडी तुंबलीत," एवढंच म्हणाली. धाकटी गेली. तव्यावरून उतरलेले आम्ही तिच्या टबात पडायचो आणि ती आम्हाला घासायची. कडेला चिकटलेलं अंडं नखाने खरवडायची. पूर्वी ती आमच्याशी पुटपुटायची. आता गप्प असायची. गिऱ्हाइकांनी पहिले चार दिवस विचारलं, मग विचारायचं सोडलं. पोट भरलं की माणसाला हात आठवत नाहीत.

आता जे सांगणार आहे, ते मी तिथे होतो म्हणून सांगतो.

एक शाळेतल्या बाई दुकानात यायच्या. एक दिवस त्या सरळ मोरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आज माझा वाढदिवस आहे. मला साच्यातला नको. तुम्ही करून द्या ना एक, हाताने."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली कुणाशी तरी बोलत होती. धाकटीने हात पुसले, तव्याशी गेली, नव्या बाईच्या हातातून पळी घेतली. मनगट एकदा फिरलं. इतके दिवस पाण्यात राहूनही त्या हाताने दगा दिला नाही. दुकानभर टाळ्या पडल्या. बसचालक तर उभाच राहिला. "हा खरा! आता कळला मला फरक!"

टाळ्या थांबल्या. धाकटी मोरीपाशी परतली. चेहरा उजळला होता. थोरली गल्ल्यावरून उठली, तव्याशी आली, चिमट्याने माझा कान धरला. मी तेव्हा मोठ्या आचेवर रिकामाच तापत होतो. टब डाव्या हाताला होता. ती उजवीकडे, धाकटीकडे वळली आणि म्हणाली, "धर."

चिमटा उघडला तो टबावर नाही.

अंगावर काही आलं की हात आपोआप पुढे होतो. धाकटीने मला झेललं आणि मूठ मिटली. ती ओरडली नाही. घशातून नुसता एक बारीक आवाज आला, आणि मूठ उघडायची कशी हेच ती विसरली. मी तिच्या तळव्यात होतो. तिचं कातडं माझ्याखाली काय करत होतं, ते मला अगदी जवळून कळत होतं. लोखंडाला 'नाही' म्हणता येत नाही. माझी एवढीच बाजू आहे, आणि ती लंगडी आहे हे मला ठाऊक आहे.

"धांदरट कुठली!" थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "गरम साचा कुणी हातात धरतं का?"

लोक धावले. धाकटी म्हणाली, "माझीच चूक."

समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर मलम घेऊन आला. जाताना त्याने थोरलीला बजावलं, "पट्टी रोज बदला. आणि बोटं सरळ ठेवून बांधा हं, नाहीतर कातडी आखडून जाईल. मग हात उघडायचा नाही."

"हो हो," थोरली म्हणाली.

रोज दुपारी दुकान रिकामं झालं की ती धाकटीला पिठाच्या पोत्यावर बसवायची आणि स्वतः पट्टी बदलायची. फुंकर घालायची. मलम हळुवार लावायची. आणि मग चारही बोटं मुडपून, मूठ घट्ट मिटवून, वरून पट्टी गुंडाळायची.

"ताई, तो म्हणाला होता सरळ ठेवून..."

"त्याला काय कळतंय? मिटलेली असली की धक्का लागत नाही."

एकदा पट्टी बांधता बांधता, मान वर न करता, थोरली बोलली. "आईचं सगळं मी केलं. उठवणं, बसवणं, अंथरूण धुणं. तीन वर्षं. आणि शेवटचा घास मागितला तो तुझ्या हातचा."

धाकटी म्हणाली, "मला कुठे माहीत होतं गं, ती जाणार आहे ते."

थोरलीने गाठ मारली. "झालं," ती म्हणाली.

महिन्याने पट्टी सुटली. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली, ती कायमची. पळी धरली की लटपटायची. थोरलीने ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात ठेवली. "मामाकडे जा थोडे दिवस. इथे बसून काय करणार?" गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, ते मी त्या दारात बघितलं. फरक इतकाच की इथे वैद्याला मारून मग गरज सरवली होती.

तुम्हाला वाटेल, पुढे दुकान बुडालं असेल. छे! दुकान जोरात चाललं. थोरलीने शेजारचा गाळा घेतला, आणखी साचे आणले. बसचालकाने एकदा विचारलं, "कंपासबाई दिसत नाहीत?" "मामाकडे गेल्यात आरामाला," थोरली म्हणाली. "छान, छान," म्हणत त्याने दुसरा पॅनकेक मागवला.

वर्षभराने धाकटी आली. गिऱ्हाइकासारखी, मागच्या टेबलावर बसली. थोरलीनेच तिच्यापुढे बशी ठेवली. धाकटीने डाव्या हाताने एक तुकडा मोडला आणि आत बघितलं.

"ताई, आच मोठी ठेवतेस. आतून कच्चा राहतो."

"लोकांना चालतं," थोरली म्हणाली.

धाकटीने आजूबाजूला बघितलं. खरंच चालत होतं. सगळे माना खाली घालून खात होते. तिनेही बशी संपवली. ती उठताना थोरलीने ओट्यावरून मला उचललं, कागदात गुंडाळलं आणि तिच्या पिशवीत टाकलं. "एक घेऊन जा. आता तुला लागेल."

तर मी आता मामांच्या स्वयंपाकघरात असतो. मागच्या फळीवर, उलट्या वाडग्याखाली. पहिले कित्येक महिने तिने मला बाहेर काढलंच नाही. मग एका सकाळी मामींनी पॅनकेक करायला सांगितले आणि त्या फुलं आणायला अंगणात गेल्या. धाकटीने पळी त्या वाकड्या हातात बसवली. पहिला ओतला, तो एका बाजूला ओघळला. तो तिने उभ्या उभ्या, गरम गरम खाऊन टाकला, कुणाला दिसू नये म्हणून. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या वेळी मनगट फिरलं, पण पळी फिरली नाही. तोही तिने गिळला. डोळ्यांत पाणी होतं, ते तोंड भाजल्याचं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

मग तिने वाडगा उचलला आणि मला तव्यावर ठेवलं.

आच मंद केली. लोणी फिरवलं. पीठ ओतलं, आणि मला जरा लवकर उचललं. मामी आत आल्या तेव्हा मी पुन्हा वाडग्याखाली होतो आणि ताटात पूर्णचंद्र होता.

"अगं बाई!" मामी म्हणाल्या. "हात वाकडा झाला, पण गोल बघ कसा तस्सा! अंगची कला काही जात नाही हो."

"हो मामी," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज असंच चालतं. त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या हाताचं कौतुक करतो, आणि ती प्रत्येकाला "हो" म्हणते. माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधी त्या घरी जाणं झालं आणि तुमच्यापुढे तसा गोल पॅनकेक आला, तर वाहवा करू नका. मुकाट्याने खा आणि उठा.