नागूबाईंची ओळ

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गुरुबसप्पांनी शुक्रवार पेठेतल्या कार्यशाळेचे शटर उचलले, लेबल छापणारी यंत्रे फडक्याने पुसली आणि समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. त्यांच्याकडे प्रोग्राम लिहिणारी शिवलीला नऊ-वीसला येत असे, तोवर तिचा चहा निवत असे. तरीही ते रोज दोन्ही एकदमच मागवत आणि ती रोज निवलेला चहा न कुरकुरता पीत असे.

त्या दिवशी तिच्या आधी कुंभारी गावच्या नागूबाई आल्या. त्यांच्या गटातल्या अकरा जणी कापडी पिशव्या शिवतात आणि प्रत्येक पिशवीच्या लेबलावर शिवणारीचे नाव असते. इथूनच घेतलेले लेबलांचे यंत्र त्यांनी लेकरासारखे कडेवर आणले होते.

"काल लेबलात नवी ओळ घातली, 100% suti," त्या म्हणाल्या. "तवापास्नं मुकं झालंय बगा."

तेवढ्यात आलेल्या शिवलीलाने ओळ वाचली आणि तिला हसू आले. गुरुबसप्पांचा चेहरा पाहून तिने ते आवरले. यंत्रातला प्रोग्राम त्यांनीच वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. नाव जिथे हवे तिथे %s लिहा, बाकी वाक्य तुमचे, असे ते गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. टक्क्याची खूण, मग मोकळी जागा, मग suti मधला s. मधली जागा यंत्र मोजत नाही. त्याला तिथे दुसऱ्या नावाची मागणी दिसली आणि कुणीच न दिलेले ते नाव शोधता शोधता ते बंद पडले.

"चूक माझी," गुरुबसप्पा म्हणाले. "तुमचं वाक्य मी हुकूम असल्यासारखं त्याच्या हाती दिलं. इतकी वर्षं कुणी टक्का लिहिला नाही, हे नशीब."

शिवलीला दोन महिन्यांपासून तोच प्रोग्राम रस्ट या नव्या भाषेत लिहीत होती. तिथे वाक्याचा साचा प्रोग्राम बांधतानाच समोर असावा लागतो. गिऱ्हाइकाने नंतर लिहिलेले वाक्य साचा म्हणून ती भाषा स्वीकारत नाही.

"भाषाच नको म्हणते, तर आपण हट्ट का धरायचा?" गुरुबसप्पा म्हणाले. "पाच वाक्यं ठरवून देऊ. माल, वजन, तारीख. यंत्र कधी अडणार नाही."

"वाक्यं तुमी लिवणार अन् पिशव्या आमी शिवणार व्हय?" नागूबाई म्हणाल्या. "गेल्या साली लेबलावर दाक्षायणीचं नाव वाचून पुण्याच्या बाईनं तिच्याच हातच्या वीस पिशव्या मागवल्या. पोरगी लई दिवस ते लेबल बटव्यात घेऊन फिरत हुती. तिला काय सांगू? नाव छापायला जागा न्हाय म्हणून?"

गुरुबसप्पा पुसलेलेच यंत्र पुन्हा फडक्याने पुसू लागले. आपल्या चुकीची भीती त्यांना आता आपल्याच चांगल्या कामावर बोळा फिरवायला सांगत होती, हे शिवलीलाला कळत होते.

"काका, पाच वाक्यांची फाईल तयार आहे ना?"

"कालच केली."

"असू द्या. आत्याबाई, तुम्ही बसा."

भाषेचा नकार तिने पुन्हा मनात तपासला. परक्या वाक्याचा हुकूम मानायला भाषेची ना होती. ते वाक्य नुसते वाचायला नव्हती. तिने एक छोटे फंक्शन लिहायला घेतले. ते ओळ अक्षर-अक्षर वाचे. %s ऐवजी आता [Nav] लिहायचे; ते दिसले की तिथे नाव भरे, आणि टक्क्यासकट बाकी सारे जसे लिहिले तसे छापे. कंसात भलतेच काही आढळले, तर ओळ साठवतानाच तसे सांगे.

गुरुबसप्पा तिच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. "कंस मिटवायला कुणी विसरलं तर?" त्यांनी विचारले. तिने तीही तपासणी घातली.

दुपारी दीडच्या सुमारास, नवा प्रोग्राम घातलेल्या नागूबाईंच्या यंत्रातून पट्टी बाहेर आली: Dakshayani ne shivle. 100% suti.

नागूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि अलगद पर्समध्ये ठेवली.

त्या गेल्यावर शिवलीलाने पाच वाक्यांची फाईल उघडली, एकवार वाचली आणि पुसून टाकली. गुरुबसप्पांनी ते पाहिले. मग ते स्वतःच समोरच्या हॉटेलात गेले आणि तिच्यासाठी गरम चहा घेऊन आले.