मूळ बनावटीत केलेले बदल

"हे कुणी बसवलं?"

विमा कंपनीचा सर्वेयर गाडीच्या मागच्या बाजूने कमरेपर्यंत आत वाकला होता. त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. चेपलेलं मागचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं, आणि त्याने पाय हलवला की बुटाखाली काच करकरत होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"मीच," तो म्हणाला.

"तुम्ही काय करता?"

"इथंच असतो. वेल्डर आहे."

सर्वेयर बाहेर आला. पन्नाशी कधीच ओलांडलेला, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बगलेत कागदांची फाईल. त्याने वर्कशॉपवर एकदा नजर फिरवली. उघडी पडलेली इंजिनं, भिंतीला टेकवलेले दरवाजे, पत्रा ठोकणारी दोन माणसं. मग भिंतीशी चाकाच्या खुर्चीत बसलेली ठकी त्याला दिसली. आठ वर्षांची, मान डावीकडे कललेली, तोंडाच्या कोपऱ्याशी रुमाल खोचलेला.

"हिच्यासाठी?"

"हो," ती म्हणाली. "मान धरत नाही ती. साध्या सीटवर बसवलं की घसरते."

ठकी हे नाव आजोबांनी कौतुकाने ठेवलेलं, ती दोन महिन्यांची असताना. लाकडाच्या बाहुलीसारखी गप्प पडून राहते, गुणाची पोर, असं घरभर सगळे म्हणत. ती गप्प का पडून राहते हे डॉक्टरांनी पुढे चार महिन्यांनी सांगितलं. तोवर नाव तोंडी बसलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने जुन्या गाडीचं मागचं सीट उचकटून काढलं आणि तिथे लोखंडी चौकट जोडली. चौकटीवर उंच पाठीची खुर्ची, मानेला दोन्ही बाजूंनी गादीचे ठोकळे, छातीला आणि कमरेला पट्टे. आठवड्यातून दोनदा ठकीला दवाखान्यात न्यायचं असे. तिथल्या बाई तिचे पाय ताणून घेत. ताणले नाहीत तर शिरा आखडतात आणि एकदा आखडल्या की सुटत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गाडी होती म्हणून तीन वर्षांत एकही खेप चुकली नव्हती.

आणि मागच्या गुरुवारी, दवाखान्यातून परतताना, सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून मालाची व्हॅन येऊन धडकली. धडकली, मागे सरली आणि वळून पळाली. नंबर कुणी पाहिला नाही. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं, नवऱ्याची मान आखडली. मागे वळून पाहायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात ती लेकीला दहा वेळा गमावून बसली होती. वळली, तर ठकी पट्ट्यांमध्ये जशीच्या तशी. केसांत काचा, आणि चेहऱ्यावर हसू. ठकीला वाटलं होतं, हा काहीतरी खेळ आहे. चौकट तसूभर हलली नव्हती.

सर्वेयरने फाईलमधला एक कागद काढून चष्मा चढवला.

"ताई, फॉर्मात एक रकाना आहे. मूळ बनावटीत केलेले बदल. तिथं 'नाही' लिहिलंय. तिन्ही वर्षं. अक्षर तुमचं?"

"हो."

"सुरेख आहे."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कॉलेजात शिकलेली म्हणून घरातले सगळे फॉर्म तिच्याच वाट्याला येत, आणि बारीक टाईपातलं प्रत्येक कलम ती बोट ठेवून वाचत असे. हा रकाना तिने पहिल्या वर्षीच हेरला होता. एजंटला विचारलं तर तो म्हणाला होता, "वहिनी, सुखाचा जीव दुःखात कशाला घालता? 'आहे' लिहिलंत की तपासणी येणार. तपासणारा विचारणार, कुठल्या मान्यताप्राप्त कारखान्यात केलं? आमच्या नवऱ्याने केलं, असं सांगणार?" मग तिने कंपनीलाच फोन लावला. "समजा, एखाद्याने गाडीत लहान मुलासाठी खुर्ची बसवली..." असं सुरू केलं. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात गाडीचा नंबर विचारला आणि हिने फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळी 'नाही' लिहिलं. दुसऱ्या वर्षी पेन कमी वेळ अडलं, तिसऱ्या वर्षी अडलंच नाही.

"हे बघा," सर्वेयर कागद परत फाईलमध्ये सरकवत म्हणाला, "मी अजून फोटो काढलेले नाहीत. समोर हॉटेल दिसतंय. माझं आता वय झालं, एक चहा प्यायला दीड तास लागतो. परत येईन तेव्हा मी गाडी पहिल्यांदाच बघेन. मूळ सीट आहे का तुमच्याकडे?"

"आहे. इथंच माळ्यावर," नवरा म्हणाला.

"मग मिस्त्री, तुम्हाला काय सांगायचं." आणि जाता जाता ठकीच्या खुर्चीपाशी तो थांबला, काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, "काय गं, बाबांचं काम पक्कं आहे हां."

तो रस्ता ओलांडून हॉटेलात शिरला. मग तिनेच तोंड उघडलं.

"कापा."

"अगं..."

"अगं नाही नि तगं नाही. देवमाणूस भेटला म्हणायचं. कापा, सीट टाका, भरपाई मिळू दे, पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर येईल. मग चौकट परत जोडा. तुम्हाला काय अवघड आहे त्यात?"

नवरा माळ्यावरून सीट घेऊन आला. त्याने ती झटकली, धुळीचा लोट उठला. मग कटर आणला, त्याला नवी चकती लावली, वायर ओढून प्लग खुपसला. ठकीचे डोळे चमकले. कटर लोखंडाला लागला की ठिणग्यांचं कारंजं उडतं, आणि तिला या जगात त्याच्याइतकं काही आवडत नसे. ती "थि... थि..." करू लागली.

तो गाडीत शिरला. गुडघ्यावर बसला. चौकटीच्या पायाशी, जिथे ती तळाच्या पत्र्याला जोडली होती, तिथे त्याने अंगठा फिरवला. कटर सुरू झाला, आणि लगेच बंद झाला.

"एक सांगू?" तो आतूनच म्हणाला.

"वेळ कमी आहे हो."

"कापतो. परत जोडीनही. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, तो जोड असा होणार नाही. पत्रा पातळ असतो. एकदा भाजलेला, कापलेला, घासलेला पत्रा दुसऱ्यांदा भाजला की ठिसूळ होतो. दिसायला असाच दिसेल. रंग मारला की मलाही ओळखू येणार नाही."

"किती कमी पडेल?"

"ते कसं सांगू? परत कुणी येऊन ठोकेल तेव्हाच कळणार."

"तळाला नवा पत्रा नाही का टाकता येत?"

"भरपाईच्या बिलात नवा तळ कसा दाखवायचा? मार मागच्या दाराला नि खालच्या पट्टीला आहे. तळ जागच्या जागी आहे. माझ्या जोडामुळेच राहिलाय." त्याने कटर खाली ठेवला. "आणि परत जोडली की पुढच्या वर्षी फॉर्मात परत 'नाही' लिहायचं."

पत्रा ठोकणारी माणसं क्षणभर थांबली होती. त्यांतला एक म्हणाला, "कर की रे, साहेब येईल." मग ठोकणं सुरू झालं.

ती ठकीजवळ गेली. तोंडाशी खोचलेला रुमाल ओला झाला होता, तो बदलला. रोज रात्री झोपलेल्या लेकीच्या नाकासमोर बोट धरून पाहणारी, पट्टे तीन-तीनदा ओढून बघणारी ही बाई. तिने तीन वर्षं एका गोष्टीची कधीच काळजी केली नव्हती. पट्टा सुटेल, ठोकळा सरकेल, घास अडकेल, सगळं डोक्यात यायचं. चौकट निघेल, हे कधी मनाला शिवलंच नव्हतं. आता एकदा कापली की ते रोज मनात येणार होतं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला, मागून वाजलेल्या प्रत्येक हॉर्नला.

"भरपाई मिळाली नाही तर गाडी तुम्ही स्वतः किती दिवसांत उभी कराल?" तिने विचारलं.

"भंगारातून दार मिळालं तर... मालकाचं काम सांभाळून... तीन महिने. चार."

"आणि चौकट कंपनीकडून रीतसर पास करून घ्यायची झाली तर?"

"पास करतील का?"

"ते मला ठाऊक नाही."

"मग तोवर दवाखाना?"

"बस आहे."

"दोन बस," तो म्हणाला. "आणि ती बावीस किलोंची झालीय."

तिने खाली वाकून प्लग ओढून काढला. ठकीने ठिणग्यांची वाट पाहिली, पाहिली, आणि मग ओठ काढून रडू लागली. नवरा गाडीतून उतरला, कटरची वायर गुंडाळली, आणि सीट पुन्हा माळ्यावर ठेवायला गेला.

सर्वेयर परतला तो ठरल्या वेळेला. आत डोकावला आणि चष्मा काढून दोरीवर सोडून दिला.

"ताई, विचार केलात ना?"

"केला."

"मी बघितल्यावर मला लिहावं लागेल. नंतर माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही. गेल्या महिन्यात एक जण घरी आला होता, बायकोला घेऊन. मला दार उघडवेना."

"आम्ही येणार नाही."

त्याने कोरा फॉर्म दिला. गाडीच्या टपावर कागद ठेवून तिने तो भरला. त्या रकान्यापाशी आली, आणि लिहू लागली तर जागा पुरेना. मागचं सीट काढलं, चौकट बसवली, चौकटीवर खुर्ची, खुर्चीला पट्टे. समासात लिहिलं, मग पाठीमागे लिहिलं. तीन वर्षांचं साचलेलं होतं. सर्वेयरने टेप लावून मापं घेतली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. बराच वेळ घेतला. निघताना त्याने ठकीकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतरचे सहा आठवडे तिने बसने काढले. ठकीला कडेवर घ्यावं तर पाय लोंबतात, खांद्यावर टाकावं तर मान मागे जाते. चाकाची खुर्ची बसमध्ये चढत नाही. कुणी जागा देई, कुणी खिडकीबाहेर बघे. कंडक्टर एकदा म्हणाला, "बाई, एवढ्या मोठ्या पोरीला चालवा की जरा." तिने ठकीची मान खांद्यावर सारखी केली. दुसरी बस चुकली की वेळ टळायची, वेळ टळली की बाई पुढच्या मुलाला घ्यायच्या. बारा खेपांपैकी पाच चुकल्या. सहाव्या आठवड्यात बाईंनी ठकीचा उजवा पाय हातात धरून टाच खाली दाबली. पुन्हा दाबली. टाच टेकली नाही.

"आधी टेकत होती," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "टेकत होती." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. भरपाई नामंजूर. माहिती दडवल्याबद्दल पॉलिसी स्थगित. बदलांची तपासणी होऊन मान्यता मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये, आणि मान्यतेबाबत कंपनी कोणतीही हमी देत नाही. सोबत सर्वेयरच्या अहवालाची प्रत जोडली होती.

नवरा कामावरून आला तेव्हा तिने पत्र वाचून दाखवलं. तो जमिनीवर बसून ठकीचे पाय मांडीवर घेऊन ताणत होता, बाईंनी शिकवलं होतं तसं. नामंजूर ऐकून त्याने नुसती मान हलवली.

"अहवालात काय म्हणतोय?"

"'मागील आसन काढून लोखंडी चौकट बसवली आहे. काम अनधिकृत.'" पुढची ओळ तिने आधीच दोनदा वाचली होती. "'चौकट आठ बोल्ट व वेल्डिंगने जोडलेली. धडकेनंतरही जोडास तडा नाही. मी या कामात एकतीस वर्षे आहे. इतका चांगला जोड क्वचित पाहिला.'"

नवऱ्याचे हात ठकीच्या पायावर थांबले.

"दहा," तो म्हणाला.

"काय दहा?"

"बोल्ट दहा आहेत. दोन खालून घेतलेत, चॅसीच्या पट्टीतून. गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांना दिसले नसतील."

"आता काय फरक पडतो हो?"

"कागदावर चूक राहायला नको," तो म्हणाला. "तू कळव त्यांना."

तिने वही ओढली. महोदय, आपल्या अहवालात चौकटीस आठ बोल्ट असल्याचे नमूद आहे. प्रत्यक्षात ते दहा आहेत. पैकी दोन खालच्या बाजूने आहेत. कृपया नोंद घ्यावी. एवढंच लिहिलं, आणखी काही मागितलं नाही. खाली काम करणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय यासाठी जागा सोडली आणि वही त्याच्यापुढे केली.

तो उठून साबणाने हात धुऊन आला, पंच्याला दोनदा पुसले, मग पेन धरलं. नावापुढे 'वेल्डर' असं एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं. तरी अंगठ्याच्या भेगांतलं काळं कागदाच्या कोपऱ्यावर उमटलंच.

पुन्हा स्वच्छ लिहावं म्हणून तिने वहीतलं नवं पान उलटलं. मग ते कोरंच राहू दिलं, आणि पहिलाच कागद फाडून, घडी घालून पाकिटात घातला.