तराबोचं दुकान, रूटाचं दुकान

फळीवर: तांदळाची चार पोती, पीठ, साखर, मांसाचे डबे, काडेपेट्या, मीठ.

ही जहाज आलं त्या दिवशीची फळी. ओनोटोआ बेटावरच्या आमच्या गावातलं एकुलतं दुकान, माझ्या मावसबहिणीचं, तराबोचं. आम्ही तिला खोबरं द्यायचं, तिने ते जहाजावर विकून माल आणायचा. दुकान बुडालं, तर पिठासाठी दिवसभर होडी हाकायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फळीवर: तांदळाचं दीड पोतं, साखर, काडेपेट्या, मीठ.

बौतूमामा दारात बसले. "तराबो, पोरी, साखर दे. बुबुसी."

नात्यातल्याने 'बुबुसी' म्हणून मागितलं की द्यावंच लागतं. नाही म्हटलं तर लाज देणाऱ्याची.

"मामा, कालच नेलीत ना?"

"काल मी नेली. आज मामीने पाठवलंय."

तिने दिली. मीही तेव्हाच काडेपेटी मागून घेतली. आमच्या गावात नात्याबाहेरचं कोण आहे?

फळीवर: मीठ.

तराबो रडली नाही. रेडिओवरून तिने अरोराए बेटावरच्या रूटाला गाठलं. तिचंही दुकान, तेही असंच नातेवाइकांनी धुऊन नेलेलं. खरखरीतून आम्हाला एवढंच ऐकू आलं:

"तुझे मामा किती?"

"सात. तुझे?"

"मोजणं सोडलं. तू इथे ये, मी तिथे येते."

मग महिनाभर तराबो आणि तिचा नवरा नारळ फोडत, खोबरं वाळवत राहिले. त्या खोबऱ्याच्या बदल्यात जहाजातून माल उतरला, त्यासोबत रूटा उतरली. तराबो चढली, अरोराएला रूटाचं दुकान चालवायला. नवरा, दोन मुली किनाऱ्यावरच राहिल्या.

फळीवर: सगळं.

"पोरी, साखर. बुबुसी," मामा म्हणाले.

"आजोबा, मी तुमची कोण?" रूटाने विचारलं.

मामा विचारात पडले. चार पिढ्या मागे जाऊन आले, पणज्या धुंडाळल्या, सोयरिकी उकरल्या. अरोराएचं कुणी सापडेना.

"कुणी नाही," ते शेवटी म्हणाले.

"मग खोबरं आणा."

मामा पोट धरून हसले. "अगं बाई, माझ्या भाचीने, तराबोने, बरोबर कोंडलं मला." त्या दुपारी ते नारळ सोलत बसले. शेजारी मीही.

दोन जहाजं येऊन गेली. खोबऱ्याची पोती चढवायला आता अर्धा दिवस लागतो. अरोराएवरही तसंच, म्हणतात. एवढी अक्कल आमच्या खानदानात कुठून आली, यावर गावच्या सभेच्या मंडपात अजून वाद चालतो. मामा ती आपल्याकडे ओढतात.

परवा तराबोने रेडिओवर विचारलं, "दुकान कसं आहे?"

"भरलेलं," मामा म्हणाले. "पण विकतची साखर कमी गोड लागते बघ."

पलीकडे ती हसली. तिच्या मुलींना रेडिओपुढे सरकवून मामा तिथेच बसून राहिले.